वेग तोच, प्रवासी नवे

1960 साली एअर-इंडियाचं बोइंग 707 मुंबईहून लंडनकडे ज्या वेगाने जात होतं, जवळपास त्याच वेगाने आजचं विमान जातं. ताशी नऊशे किलोमीटरच्या आसपासचा आकडा तेव्हाही होता, आजही तोच आहे. मुंबई-नागपूर फेरी करणारं एअरबस 320 तर त्याहून जरा सावकाशच उडतं. पासष्ट वर्षांत टेलिफोन बदलला, छपाई बदलली, शस्त्रक्रिया बदलली, विमान मात्र वेगाच्या बाबतीत होतं तिथेच राहिलं. या पुस्तकाचा विचार मी इथूनच सुरू केला.

वेग का वाढला नाही, याचं उत्तर हवेतच आहे. विमान ध्वनीच्या वेगाजवळ जाऊ लागलं की पंखांवरून जाणारी हवा काही ठिकाणी ध्वनीपेक्षाही वेगाने वाहू लागते. तिथे धक्कालहरी तयार होतात, हवेचा विरोध एकाएकी वाढतो आणि इंधनाचा खर्च आवाक्याबाहेर जातो. ही भिंत ओलांडता येते, हे काँकॉर्डने दाखवलं. ते विमान जानेवारी 1976 पासून ऑक्टोबर 2003 पर्यंत ध्वनीच्या दुप्पट वेगाने प्रवासी नेत होतं, पण एका वेळी जेमतेम शंभर माणसं, आणि तीही श्रीमंत. समुद्रावरून गेलं तर ठीक, वस्तीवरून गेलं की त्याच्या गडगडाटाने खालच्या लोकांना त्रास. जगात अशी चौदाच विमानं प्रवासी सेवेत आली. बाकी सगळ्या जगाने 707 चा वेग पुरे मानला आणि दुसऱ्या कामाला हात घातला.

ते दुसरं काम म्हणजे तोच प्रवास, त्याच वेगाने, पण अधिक सुरक्षित, अधिक स्वस्त आणि अधिक माणसांसाठी करणं. माझ्या मते गेल्या पासष्ट वर्षांतली खरी क्रांती हीच आहे. तिचं पोस्टर होत नाही. ती नियमांत, चौकशी अहवालांत, न्यायालयाच्या निकालपत्रांत आणि तिकिटाच्या दरपत्रकांत विखुरलेली आहे, म्हणून ती सांगायला एक पुस्तक लागलं.

आधीचा वेग आठवला तर जेटने काय केलं ते कळतं. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा पस मॉथ नावाच्या छोट्या विमानात टपालाच्या थैल्या घेऊन सकाळी कराचीहून निघाले आणि अहमदाबादला थांबून दुपारी जुहूला उतरले. वेग ताशी दीडशे-पावणेदोनशे किलोमीटर. पुढे 8 जून 1948 रोजी 'मलबार प्रिन्सेस' हे चार पंख्यांचं कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला गेलं. आणि फेब्रुवारी 1960 मध्ये 'गौरीशंकर' हे पहिलं 707 आपल्याकडे आलं. एप्रिलात लंडन, 14 मे रोजी न्यूयॉर्क. जून 1962 मध्ये एअर-इंडियाकडची सगळी विमानं जेट झाली, आणि असा ताफा असलेली जगातली पहिली कंपनी म्हणून तिचं नाव झालं. अवघ्या अठ्ठावीस वर्षांत वेग पाच-सहा पटींनी वाढला. त्या पिढीला वाटलं असणार की हे असंच चालू राहील, आणखी वीस वर्षांत नाश्ता मुंबईत आणि दुपारचं जेवण न्यूयॉर्कमध्ये. तसं वाटण्यात त्यांची काही चूक नव्हती.

जेट विमानाने दुसरी एक गोष्ट दिली, तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. पंख्याची विमानं ढगांतून आणि वादळांतून वाट काढत. जेट इंजिन दहा-अकरा किलोमीटर उंचीवर, विरळ थंड हवेत चांगलं चालतं, आणि तिथे बहुतेक वादळं खाली राहतात. प्रवासी पहिल्यांदा हवामानाच्या वरून जाऊ लागले. पण त्या उंचीवर माणूस जगावा म्हणून विमानाच्या आत हवेचा दाब वाढवावा लागतो. प्रत्येक उड्डाणात विमानाची काया थोडी फुगते, उतरताना पुन्हा सैल पडते. जेट युगाला पहिला धडा मिळाला तो याच फुगण्या-सैलावण्यातून, आणि तो फार महाग पडला.

जगातली पहिली जेट प्रवासी सेवा 2 मे 1952 रोजी ब्रिटनने सुरू केली, लंडन ते जोहान्सबर्ग. विमानाचं नाव कॉमेट, छत्तीस आसनांचं, अत्यंत देखणं. बरोबर एक वर्षाने, 2 मे 1953 रोजी, एक कॉमेट कोलकात्याहून उडाल्यावर वादळात सापडून तुटलं. जानेवारी 1954 मध्ये दुसरं एल्बा बेटाजवळ समुद्रात पडलं, एप्रिलमध्ये तिसरं नेपल्सजवळ. मग सगळी कॉमेट जमिनीवर उभी केली गेली. फार्नबरोच्या प्रयोगशाळेत शास्त्रज्ञांनी एक अख्खं कॉमेट पाण्याच्या प्रचंड टाकीत ठेवलं आणि आत पाणी भरून दाब वाढवायचा, कमी करायचा, असं दिवसरात्र चालवलं. पाणी यासाठी की कवच फाटलं तरी स्फोट होऊन पुरावा उडून जाऊ नये. खऱ्या उड्डाणांत 1,221 वेळा आणि टाकीत 1,836 वेळा, असा मिळून 3,057 वेळा दाब सोसल्यावर ते कवच फाटलं. धातू थकतो. खिडक्या-झरोक्यांच्या कोपऱ्यांशी ताण साठतो आणि तिथून केसाएवढी चीर सुरू होते. आज कुठल्याही विमानात खिडकीशेजारी बसलात तर तिचे गोल कोपरे बघा.

त्याच चौकशीच्या निमित्ताने मेलबर्नच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या डेव्हिड वॉरन या शास्त्रज्ञाला वाटलं की शेवटच्या क्षणी वैमानिक काय बोलत होते एवढं जरी ऐकू आलं असतं, तरी किती अंदाज टळले असते. आज आपण ज्याला ब्लॅक बॉक्स म्हणतो, त्याचा एक मोठा उगम इथे आहे. कॉमेटने व्यापारात हार खाल्ली. ऑक्टोबर 1958 मध्ये ते सुधारून अटलांटिकवर परत आलं, पण त्याच महिन्यात पॅन अ‍ॅमचं 707 न्यूयॉर्कहून पॅरिसला निघालं आणि बाजार त्याने नेला. मात्र पुढच्या प्रत्येक विमानाच्या कवचात कॉमेटचा धडा आहे.

कॉमेटचा आणि मुंबईचा एक वेगळाच संबंध आहे. 15 जुलै 1953 रोजी भर दुपारी ब्रिटिश कंपनीचं एक कॉमेट सांताक्रूझऐवजी जुहूच्या छोट्या धावपट्टीवर उतरलं. दोन्ही विमानतळांत अंतर काही किलोमीटरचं, आणि पावसाळी हवेत वरून दिसली ती धावपट्टी आपली, असं वैमानिकाला वाटलं. ते विमान तिथून पुन्हा उडवायला नऊ दिवस लागले. याला अपवाद म्हणून सोडून देता आलं असतं, पण सप्टेंबर 1972 मध्ये जपान एअरलाइन्सचं डीसी-8 पुन्हा त्याच जुहूला उतरलं आणि धावपट्टी संपल्यावर पुढे जाऊन मोडलं. सुदैवाने कुणी दगावलं नाही. जेट युगाच्या पहिल्या वीस वर्षांत आकाशातली वाट किती प्रमाणात माणसाच्या डोळ्यांवर होती, ते या दोन घटनांवरून समजतं.

डोळ्यांवर म्हणजे अक्षरशः. सुरुवातीच्या 707 च्या कॉकपिटमध्ये चार माणसं बसत. कॅप्टन, सहवैमानिक, फ्लाइट इंजिनिअर आणि नॅव्हिगेटर. नॅव्हिगेटरच्या डोक्यावर छताला एक छोटं भोक असे. रात्री समुद्रावरून जाताना तो त्यातून सेक्स्टंटची नळी बाहेर काढायचा, ठरलेला तारा पकडायचा, त्याची क्षितिजापासूनची उंची मोजायचा, घड्याळ बघायचा, तक्त्यांच्या जाड पुस्तकातून आकडे काढायचा आणि नकाशावर पेन्सिलीने रेघ मारायचा. दोन-तीन ताऱ्यांच्या रेघा जिथे छेदतील तिथे आपण होतो, असं. होतो म्हणायचं कारण एवढं गणित होईपर्यंत विमान शे-दीडशे किलोमीटर पुढे गेलेलं असायचं. अरबी दर्यावर्दी आणि कोकणातले तांडेल ज्या ताऱ्यांवर गलबतं हाकत, त्याच ताऱ्यांवर जेट विमानंही चालत होती, याचं मला अजून नवल वाटतं.

1970 साली जंबो जेट आलं, त्यात जडत्वावर चालणारी दिशादर्शक यंत्रं होती, आणि नॅव्हिगेटरची खुर्ची गेली. ऐंशीच्या दशकात संगणक इंजिनांवर लक्ष ठेवू लागले आणि फ्लाइट इंजिनिअरचीही गेली. आज दोघंच उरले आहेत. पुस्तकातलं एक प्रकरण या दोन रिकाम्या झालेल्या खुर्च्यांवर आहे. त्या खुर्च्यांवर बसणाऱ्यांच्या अंगचं कौशल्य कुणी काढून घेतलं नाही. ते यंत्रात उतरवलं गेलं, आणि उतरवण्याआधी ते त्यांच्याकडूनच शिकून घ्यावं लागलं.

सुरक्षिततेचा हिशेब मात्र रक्ताने लिहिलेला आहे, आणि तो टाळून ही गोष्ट सांगता येत नाही. 24 जानेवारी 1966 रोजी एअर-इंडियाचं 'कांचनजंगा' हे 707 माँ ब्लाँवर आदळलं. 117 जण गेले, त्यांत होमी भाभा होते. 1 जानेवारी 1978 रोजी 'एम्परर अशोक' हे आपलं पहिलं जंबो वांद्र्यासमोरच्या समुद्रात कोसळलं, 213 माणसांसह. मार्च 1977 मध्ये टेनेरिफच्या धावपट्टीवर धुक्यात दोन जंबो एकमेकांवर आदळली आणि 583 माणसं मेली. त्या अपघातात यंत्रं ठीक होती. एका कॅप्टनला परवानगी मिळाल्यासारखी वाटली, आणि शेजारी बसलेल्यांना शंका असूनही ती शेवटपर्यंत नेटाने मांडता आली नाही. त्यानंतर वैमानिकांच्या शिक्षणात एक नवाच विषय आला. कनिष्ठाने वरिष्ठाला स्पष्ट कसं टोकायचं आणि वरिष्ठाने ते कसं ऐकून घ्यायचं, याचा तो विषय. आपल्याकडच्या कित्येक इस्पितळांना आणि कचेऱ्यांना तो अजून शिकायचा आहे.

26 एप्रिल 1993 रोजी औरंगाबादहून मुंबईला निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं 737 धावपट्टीवरून उशिरा उचललं गेलं आणि टोकापलीकडच्या रस्त्यावरून कापसाच्या गाठी घेऊन चाललेल्या ट्रकला लागलं. पंचावन्न जण गेले. उन्हाळ्याची तप्त हवा, भरलेलं विमान, धावपट्टीशी लगटून जाणारा रस्ता आणि त्यावरची रोजची वाहतूक. मराठवाड्यातलं नेहमीचं दृश्य, आणि त्यात एका क्षणात घडलेला अनर्थ. नोव्हेंबर 1996 मध्ये चरखी दादरीच्या आकाशात सौदी अरेबियाचं जंबो आणि कझाकस्तानचं मालवाहू जातीचं विमान एकमेकांवर आदळलं, 349 माणसं मेली. त्यानंतर भारताने विमानांमध्ये टक्कर टाळणारी यंत्रणा सक्तीची केली.

ही यादी वाचताना मन सुन्न होतं, पण तिच्यातला एक धागा मला फार मोलाचा वाटतो. अपघाताची चौकशी दोष देण्यासाठी करायची नाही, पुन्हा तसं होऊ नये म्हणून करायची, असा आंतरराष्ट्रीय नियमच आहे. अहवाल प्रसिद्ध करायचा, आणि एका देशाच्या दुःखातून सगळ्यांनी शिकायचं. परिणाम आकड्यांत दिसतो. अमेरिकेतल्या एमआयटीचे प्राध्यापक अर्नोल्ड बार्नेट यांनी जगभराचा हिशेब मांडला आहे. 1968 ते 1977 या काळात साडेतीन लाख प्रवाशांमागे एक मृत्यू होत होता, 2018 ते 2022 या काळात तो सुमारे एक कोटी सदतीस लाखांमागे एक झाला. जवळजवळ चाळीस पट सुधारणा. 12 जून 2025 रोजी अहमदाबादला एअर इंडियाचं 787 वस्तीत कोसळलं, विमानातले 241 आणि जमिनीवरचे 19 जण गेले. ज्यांच्या घरचं माणूस गेलं त्यांना वरचा आकडा सांगण्याची माझी हिंमत नाही. त्यांना देण्यासारखी एकच गोष्ट आहे, पूर्ण आणि उघड चौकशी. आधीच्या पिढ्यांनी ती तशी केली म्हणून आपण इथवर आलो.

आता विमानाच्या आत बसणाऱ्या माणसांकडे वळतो, कारण सगळ्यात मोठा बदल त्यांच्यात आहे.

जेट युगाच्या आरंभी भाडी कंपन्या आपापल्या मनाने ठरवत नसत. कंपन्यांची आंतरराष्ट्रीय संघटना ती बैठकीत ठरवायची, आणि भाड्याबरोबर ताटात काय द्यायचं तेही. 1958 मध्ये अटलांटिकवर इकॉनॉमी वर्ग सुरू झाला, तेव्हा त्यातल्या प्रवाशांना साधं थंड सँडविचच द्यायचं असा नियम होता. स्कँडिनेव्हियन कंपनीने भरगच्च, वरून सजवलेली सँडविचेस द्यायला सुरुवात केली, तर अमेरिकी कंपनीने तक्रार केली, आणि सँडविच म्हणजे नेमकं किती यावर खरोखरीच सुनावणी होऊन दंड झाला. भाड्यात स्पर्धा करता येत नव्हती, म्हणून ती आदरातिथ्यात होत होती. त्या काळच्या विमानप्रवासाची जी शान सांगितली जाते, ती पुष्कळशी या नियमातून आलेली. बॉबी कूका यांनी 1946 मध्ये उमेश राव या चित्रकाराकडून काढून घेतलेला महाराजा, जंबोच्या खिडक्यांभोवती रंगवलेल्या झरोक्यांच्या कमानी, उड्डाणाआधी तबकातून फिरणाऱ्या गोळ्या आणि कानात घालायचा कापूस, हे सगळं सुंदर होतं. ते जपून ठेवावं असंच होतं. पण त्या कमानीआड बसायला किती जणांना मिळत होतं, हेही विचारलं पाहिजे.

फार थोड्यांना. 1960 साली साऱ्या जगात मिळून साडेदहा कोटींच्या आसपास विमानप्रवास झाले. 2024 मध्ये एकट्या भारतात, देशातल्या देशात, सोळा कोटींहून जास्त. म्हणजे त्या वेळच्या सगळ्या जगाच्या दीडपट. आपल्याकडे परदेशी जायचं तर तिकिटाच्या पैशांइतकीच परकीय चलनाची अडचण होती. सरकार मोजकं चलन देई. एका पिढीच्या विद्यार्थ्यांना खिशात आठ डॉलर घेऊन अमेरिकेत उतरावं लागलं. त्या पिढीतले कितीतरी मराठी डॉक्टर-इंजिनिअर आज न्यू जर्सी, शिकागो, ह्यूस्टनमध्ये आजोबा-आजी झाले आहेत. त्यांच्या तोंडून बैरूत, कैरो, रोम, फ्रँकफर्ट अशी थांब्यांची नावं ऐकताना कळतं की तो प्रवास वाटेतल्या शहरांनी बनलेला होता. ऑगस्ट 2007 मध्ये मुंबई-न्यूयॉर्क विमान कुठेही न थांबता जाऊ लागलं आणि ती शहरं वाटेतून गेली. इंजिनं इतकी विश्वासार्ह झाली की दोनच इंजिनांवर महासागर ओलांडायला परवानगी मिळाली. एक इंजिन बंद पडलं तर तासाभरात विमानतळ गाठता आला पाहिजे, अशी जुनी अट होती. 1985 पासून ती टप्प्याटप्प्याने सैल झाली आणि चार इंजिनांची विमानं मागे पडली.

जंबोने भाडं खाली आणलं. 707 मध्ये दीडशेच्या आसपास माणसं बसत, जंबोमध्ये साडेतीनशेच्या वर. एवढ्या जागा भरायच्या तर नवी माणसं हवीत. नेमकं त्याच दशकात, 1973 नंतर, आखातात तेलाचा पैसा आला आणि कामगारांची मागणी सुरू झाली. रत्नागिरी, चिपळूण, खेड, दापोलीकडची आणि गोव्यातली माणसं सांताक्रूझहून आणि 1981 नंतर सहारहून दुबई, कुवेत, मस्कतला जाऊ लागली. फिटर, वेल्डर, आचारी, ड्रायव्हर. पर्यटनाच्या जाहिराती या प्रवाशांसाठी कधी निघाल्या नाहीत, पण आपल्या आंतरराष्ट्रीय विमानसेवेचा कणा तेच होते. ऑगस्ट 1990 मध्ये इराकने कुवेत घेतलं तेव्हा लाखाहून जास्त भारतीयांना अम्मानमार्गे मुंबईला आणलं गेलं, जवळजवळ दोन महिने विमानं रोज फेऱ्या करत होती. आपल्या विमानसेवेच्या इतिहासातलं सगळ्यात मोठं काम कुठलं असं मला विचारलं, तर मी न्यूयॉर्कच्या पहिल्या फेरीआधी याचं नाव घेईन. हज यात्रेकरूंचंही तेच. मुंबईहून जेद्दाला जाणारं जहाज 1995 साली बंद झालं, आणि त्यानंतर सगळे यात्रेकरू विमानानेच जाऊ लागले.

त्या काळचं तिकीट आजच्या मुलांना दाखवलं पाहिजे. पातळ कागदांची छोटी वही, प्रत्येक पानाच्या पाठीवर तांबडा कार्बन. प्रवासाच्या एकेका टप्प्याला एकेक पान. कारकून वरच्या पानावर जोर देऊन लिहायचा आणि खालच्या पानांवर अक्षर फिकट होत जायचं. शेवटच्या पानावर आडनाव वाचता आलं तर नशीब. आरक्षण पक्कं असेल तर चौकटीत ओके. परतीच्या प्रवासाआधी 72 तास फोन करून 'मी येतोय' असं कळवायचं, नाहीतर जागा गेली. ती वही हरवली तर प्रवासच हरवला. जून 2008 पासून कागदी तिकीट जगभरातून गेलं.

दरवाजा खऱ्या अर्थाने उघडला तो त्याआधी. 1953 चा सरकारी मक्तेदारीचा कायदा 1994 मध्ये रद्द झाला. 2003 मध्ये कॅप्टन गोपीनाथ यांनी एअर डेक्कन सुरू केली आणि जेवण, भारी तिकीट-कचेऱ्या, मोफत सरबराई हे सगळं काढून टाकलं. रुपयाच्या तिकिटाची बातमी आली तेव्हा पुष्कळांना ती थट्टा वाटली. पण त्यामुळे रेल्वेच्या वातानुकूलित डब्यातून जाणारा माणूस विमानाचा भाव विचारू लागला. एप्रिल 2017 मध्ये उडान योजनेच्या पहिल्याच दिवशी नांदेडहून हैदराबादला विमान निघालं. आता आसनं जवळ आली, गुडघे टेकू लागले, पाण्याच्या बाटलीला पैसे पडू लागले, अशी तक्रार होते. ती खरीही आहे. तरीसुद्धा मी त्या पहिल्यांदा बसलेल्या प्रवाशाच्या बाजूने आहे. ज्यांच्या वाट्याला विमान आधीपासून होतं, त्यांना हरवलेली शान दिसते. ज्यांच्या वाट्याला ते आत्ता आलं, त्यांना आजारी आईपर्यंत त्याच दिवशी पोचता येतं.

खुर्च्यांमधल्या वाटेत उभ्या असलेल्या स्त्रियांची कहाणी स्वतंत्र प्रकरणात आहे, पण तिचा सारांश इथेही दिल्यावाचून राहवत नाही. एअर-इंडियात हवाई सुंदरीला वयाच्या पस्तिशीत निवृत्त व्हावं लागे, नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केलं तरी जावं लागे, आणि पहिलं मूल होणार असं कळलं तरी जावं लागे. पुरुष सहकाऱ्यांना यातलं काही लागू नव्हतं. जाहिरातीतली ती हसरी साडीतली मुलगी या अटींवर उभी होती. नर्गेश मिर्झा आणि इतरांनी या नियमांना आव्हान दिलं. 1981 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गरोदरपणाची अट मनमानी आणि अमानुष ठरवून काढून टाकली. बाकीच्या पुष्कळ अटी त्या निकालाने तशाच ठेवल्या, त्यांच्यासाठी पुढे आणखी भांडावं लागलं. 1985 मध्ये कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी कोलकात्याहून सिलचरला फोकर विमान नेलं. शेजारी सहवैमानिक निवेदिता भसीन, आणि सगळा चमू स्त्रियांचाच. आज भारतात वैमानिकांमध्ये स्त्रियांचं प्रमाण बहुतेक देशांपेक्षा जास्त आहे. याचं श्रेय कुठल्याही इंजिनाला जात नाही.

काही गमावलंही. सांताक्रूझला एका प्रवाशाला पोचवायला अख्खं घर यायचं. हार, नारळ, कपाळाला कुंकू, आणि गॅलरीतून विमान दिसेनासं होईपर्यंत हललेले हात. ते दार अपहरणांनी आणि बाँबनी बंद केलं. 23 जून 1985 रोजी 'कनिष्क' आयर्लंडजवळ सामानात ठेवलेल्या बाँबने फुटलं आणि 329 जण गेले. तेव्हापासून जिचा प्रवासी विमानात नाही ती बॅगही विमानात नाही, हा नियम घट्ट झाला. सप्टेंबर 1986 मध्ये मुंबईहून निघालेल्या पॅन अ‍ॅमच्या विमानात, कराचीच्या विमानतळावर, नीरजा भनोत या बावीस वर्षांच्या पर्सरने प्रवाशांना वाचवताना जीव दिला. डिसेंबर 1999 च्या कंदाहार अपहरणानंतर आपल्या विमानतळांच्या दारात केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल उभं राहिलं. आता निरोप रस्त्यावरच, गाडी उभी करायला दिलेल्या चार-पाच मिनिटांत उरकावा लागतो. याचं मला वाईट वाटतं, आणि त्याला इलाज नाही हेही कळतं.

जे प्रवासी नाहीत, पण विमानाचा भार सोसतात, त्यांच्याबद्दल लिहिलं नसतं तर हे पुस्तक अपुरं राहिलं असतं. सुरुवातीची जेट इंजिनं काळा धूर आणि कान फाडणारा आवाज सोडत. पार्ल्यात, कुर्ल्यात, सांताक्रूझमध्ये विमान डोक्यावरून गेलं की वर्गातलं शिकवणं थांबायचं, वाक्य अर्धं राहायचं. नव्या इंजिनांत समोरचा पंखा खूप मोठा असतो आणि बहुतेक हवा ज्वालेच्या बाहेरून मागे ढकलली जाते. त्यामुळे आवाज पुष्कळ कमी झाला आणि माणशी इंधन 1960 च्या निम्म्याहूनही खाली आलं. पण विमानं इतकी वाढली की एकूण धूर वाढतच गेला. मानवाच्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात विमानांचा वाटा अडीच टक्क्यांच्या आसपास आहे, आणि आकाशातल्या त्या पांढऱ्या रेघांचा तापमानावरचा परिणाम धरला तर त्याहून जास्त. जमिनीचंही तेच. नवी मुंबईचा विमानतळ डिसेंबर 2025 मध्ये सुरू झाला. त्यासाठी उलव्याची टेकडी फोडली, उलवे नदीचं पात्र वळवलं, आणि दहा गावांतली कुटुंबं उठवली. त्या गावांतल्या आगरी-कोळ्यांची शेतं, मिठागरं आणि खाडीतली मासेमारी धावपट्टीखाली गेली. त्यांच्याशी झालेलं बोलणं मी शेवटच्या भागात शक्य तितकं त्यांच्याच शब्दांत ठेवलं आहे.

पुढे काय, असं विचारणाऱ्यांना बॅटरीवरच्या विमानाची आशा असते. छोट्या अंतरासाठी ती धरायला हरकत नाही. लांबच्या प्रवासाचं गणित मात्र कठीण आहे. एक किलो विमान-इंधनात जेवढी ऊर्जा असते, तेवढी आजच्या बॅटरीत साठवायची तर तिचं वजन चाळीस-पन्नास पट भरतं, आणि वाटेत इंधन जळून विमान जसं हलकं होत जातं तशी बॅटरी होत नाही. वनस्पती, टाकाऊ तेल यांपासून केलेलं इंधन आजच्या इंजिनात चालतं, पण ते महाग आहे आणि फार थोडं मिळतं. इकडे फेब्रुवारी 2023 मध्ये एअर इंडियाने 470 विमानांची मागणी जाहीर केली, जूनमध्ये इंडिगोने 500 ची. प्रवासी विमान पंचवीसेक वर्षं सहज उडतं. म्हणजे ही विमानं 2050 च्या सुमारासही याच आकाशात, याच वेगाने आणि बहुधा याच प्रकारच्या इंजिनांवर उडत असतील. त्यांच्या धुराबद्दल, आवाजाबद्दल आणि लागणाऱ्या जमिनीबद्दल जे ठरवायचं आहे, ते ती कारखान्यातून बाहेर पडत असताना, म्हणजे याच दशकात ठरवावं लागेल. पुस्तकाचं शेवटचं प्रकरण याच हिशेबावर आहे.